रीडेव्हलपमेंट होणार म्हणतात, मग घर घ्यावं का?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही गेली नऊ वर्षं कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत भाड्यानं राहतो. भाडं २४,००० रुपये. आम्ही दोघंही नोकरी करतो, हातात महिन्याला १ लाख ४५ हजार येतात. मुलगा तिसरीत आहे. साठवलेले ३० लाख आहेत. आयडियल कॉलनीजवळ १९८८ सालच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ६२० फुटांचा टू बीएचके बघितला. किंमत ८२ लाख, लिफ्ट नाही. एजंट म्हणतो, "रीडेव्हलपमेंट होणारच आहे, दोन वर्षांत नवाकोरा मोठा फ्लॅट फुकटात." फ्लॅट एका काकूंचा आहे. त्यांचे यजमान गेले, आता शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) काकूंच्या नावावर आहे. मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. काकूंना २० लाख रोख हवेत. सेक्रेटरी ‘बिल्डिंग फंडाला’ दोन लाख देणगी मागतात, आणि एजंटनं पार्किंगचे वेगळे तीन लाख सांगितलेत. सासरे म्हणतात, एवढ्या पैशात वाघोलीला नवीन थ्री बीएचके येईल. नवरा म्हणतो, घर दोघांच्या नावावर घेऊ. माझी आई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असते. काय करू? (मला ते घर आवडलंय.)
— मृ. दे., पुणे

उत्तर

मृ. दे.,

एजंट, सासरे, सेक्रेटरी, काकू, नवरा, सगळे काय म्हणतात ते तुम्ही सविस्तर लिहिलंत. स्वतःला काय वाटतं ते मात्र शेवटी, तेही कंसात. मी तो कंस काढून टाकते. तुम्हाला घर आवडलंय, मुलाची शाळा तिथे आहे, नऊ वर्षांत तो भाग तुमचा झालाय. एवढं कारण पुरेसं आहे. आता प्रश्न उरतो तो किती पैसे द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कोणत्या कागदावर द्यायचे याचा.

आधी रीडेव्हलपमेंट, कारण ८२ लाखांतला मोठा भाग त्या एका शब्दाचा आहे. कोथरूडमध्ये सध्या तीन-चार मजली जुन्या इमारती धडाधड पाडल्या जाताहेत हे खरं. पण प्रत्येक जुन्या इमारतीच्या जिन्यात ही चर्चा असतेच, आणि चर्चेला पैसे पडत नाहीत. तुम्ही मात्र ते मोजणार आहात. म्हणून एजंटला एकच गोष्ट मागा, ती म्हणजे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत. राज्य सरकारनं ४ जुलै २०१९ रोजी सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. त्यानुसार आधी खास सभा होते, मग आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमला जातो, त्याचा व्यवहार्यता अहवाल येतो, निविदा निघतात. मग निबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर सभा होऊन एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के मतांनी विकसक ठरतो. त्यानंतर विकसन करार नोंदवला जातो, नकाशे मंजूर होतात आणि मग कुठे सामान बांधायची वेळ येते. तुमची सोसायटी यातल्या कोणत्या पायरीवर आहे? माझा अंदाज, पहिल्याही नाही. असती तर एजंटनं सभेची तारीख तोंडपाठ सांगितली असती.

त्याहून मूळ गोष्ट म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे. बिल्डरनं सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायला हवं, असं मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा १९६३ चा कायदा, आणि त्याचे नियम सांगतात. पुण्यात तीस-तीस वर्षं ते झालेलं नाही अशा सोसायट्या शोधाव्या लागत नाहीत. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून बघा. तिथे अजून मूळ जमीनमालकाचं नाव असेल, तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज, मग सुनावण्या, मग आदेश, मग नोंदणी, आणि रीडेव्हलपमेंट त्याच्या पुढे. जाता जाता इमारतीसमोरचा रस्ता किती रुंद आहे तेही बघून या. आपल्याकडे जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत विकसकाचं गणित बहुतेक वेळा बसत नाही, मग सभासद कितीही एकदिलानं हात वर करोत.

आणखी एक. हे ६२० फूट कुठले? कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), बिल्टअप (भिंती धरून) की ‘सेलेबल’ (जिना-लॉबीचा वाटाही धरून)? १९८८ च्या करारात बहुधा बिल्टअप असणार. हॉलच्या पुढची बाल्कनी बंद करून आत घेतली आहे का ते बघा. जुन्या घरात खिडकीपाशी फरशीचा रंग बदलतो किंवा वर बीम आडवी जाताना दिसते, तिथे पूर्वी बाल्कनी होती असं समजा. राहायला ती जागा तुमचीच, पण पुनर्विकासात किती जागा मिळणार हे ठरताना मंजूर नकाशा आणि करारातला आकडा पुढे येतो. टेप घेऊन जा आणि भिंत ते भिंत मोजा. भाव बिल्टअपचा लावला असेल आणि कार्पेट ५०० च्या आसपास निघालं, तर बोलणी तिथूनच सुरू करायची.

माझं मत स्पष्ट सांगते. ही इमारत पुढची पंधरा वर्षं अशीच उभी राहणार असं समजून तुम्हाला ती किंमत पटते का, एवढंच बघा. पटत असेल तर घ्या. पुढेमागे रीडेव्हलपमेंट झालीच, तर तो वरचा लाभ. त्याचे पैसे आज काकूंना कशाला?

आता काकू. त्या वाईट हेतूनं काही लपवत असतील असं मला वाटत नाही. "सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझं" असं घरोघरी मानतात. पण नॉमिनी म्हणून सोसायटीनं नाव लावलं, एवढ्यानं मालकी येत नाही. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद, असंच धरलंय. काकांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा समान हिस्सा लागतो. काकांच्या निधनाच्या वेळी त्यांच्या आई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे नाशिकच्या ताईंची आणि अमेरिकेतल्या मुलाची सही नसेल, तर तुम्ही ८२ लाख देऊन एक तृतीयांश घर घेताय. उरलेल्या दोन हिश्श्यांचे मालक पुढे कधीही दारात उभे राहू शकतात, किंवा त्यांची मुलं. भाऊबहिणींत आज गोडी असेलही, पण रीडेव्हलपमेंटचे आकडे कानावर आले की गोडीची परीक्षा होते.

यावर रस्ता सोपा आहे. मुलगा आणि मुलगी दोघांनी आपला हिस्सा सोडत असल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आईच्या नावे करून द्यावं. मग काकू एकट्या मालक होतील आणि विक्रीच्या करारावर त्यांची एकट्यांची सही पुरेल. मुलगा दिवाळीला किंवा डिसेंबरात येणार असेल तर उत्तम, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एका सकाळचं काम. तो येणार नसेल, तर तिथून कुलमुखत्यारपत्र पाठवावं लागेल. ते तिकडे रीतसर साक्षांकित व्हावं लागतं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. व्हॉट्सअॅपवर ‘माय कन्सेंट’ लिहून पाठवलं तर त्याचा उपयोग शून्य.

हक्कसोडपत्र आधी करून घेण्याचा तुम्हालाही थेट फायदा आहे, आणि हा मुद्दा एजंट सांगणार नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. तुमच्या व्यवहारात ८२,००० रुपये. पण विक्रेत्यांत अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर हा १ टक्का चालत नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दरानं कपात करावी लागते आणि रक्कम फार मोठी होते. ती कापली नाही तर नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही. मुलानं हिस्सा आईला सोडला की हा प्रश्नच संपतो.

कागदांच्या तपासणीसाठी वकील तुमचा हवा, एजंटनं सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांची तपासणी), १९८८ चा मूळ करार आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, थकबाकी नसल्याचं पत्र, हे सगळं तो मागेलच. त्या काळातले अनेक करार किरकोळ मुद्रांकावर झालेत, काहींची नोंदणीच झालेली नाही. असं असेल तर कमी पडलेलं शुल्क आणि दंड कोण भरणार हे आत्ताच ठरवा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यायला सांगा. चार-पाच हजार जातील, पण कोणी हरकतदार असेल तर तो ताब्याआधी पुढे येईल. आणि हो, तुम्ही ‘सोसायटी’ लिहिलंय ते खरंच सोसायटी आहे ना? पुण्यात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत आणि तिथे राहणारेही तिला सोसायटीच म्हणतात. शेअर सर्टिफिकेट आहे म्हणजे तुमची बहुधा सोसायटी. तरी वकिलानं एकदा बघून घ्यावं, कारण अपार्टमेंट असेल तर वर सांगितलेलं बरंच बदलतं.

वीस लाख रोख. इथे नीतीचा उपदेश करत नाही, गणित मांडते. पूर्ण ८२ लाखांचा करार केला तर बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६५ लाख ६० हजारांपर्यंत कर्ज देऊ शकते. तुमचे घालायचे १६ लाख ४० हजार. करार ६२ लाखांचा दाखवला तर कर्ज जास्तीत जास्त ४९ लाख ६० हजार. वरचे १२ लाख ४० हजार आणि रोख २० लाख, असे ३२ लाख ४० हजार स्वतःचे लागणार. तुमच्याकडे आहेत ३० लाख, त्यातून मुद्रांक शुल्क जायचंय. म्हणजे रोखीचा व्यवहार तुम्हाला परवडतच नाही. ‘स्टॅम्प ड्यूटी वाचेल’ म्हणतात ती वाचते वीस लाखांवर सात टक्क्यांनी १ लाख ४० हजार. तीही करारातला आकडा रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, खाली गेला नाही तरच, कारण दोन्हींत जो आकडा मोठा त्यावर शुल्क लागतं. उद्या तुम्ही हे घर विकाल तेव्हा तुमची खरेदी ६२ लाखांचीच धरली जाईल आणि त्या वीस लाखांवरचा कर तुम्ही भराल, तो भाग वेगळाच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे काकूंना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं.

त्यांना रोख का हवेत? बहुतेक कराच्या भीतीनं. जुन्या घराच्या नफ्यावरचा कर वाटतो तेवढा नसतो. २००१ सालचं बाजारमूल्य धरून आणि भाववाढीचा निर्देशांक लावून हिशोब करण्याचा पर्याय निवासी व्यक्तीला अशा जुन्या घरांसाठी आहे. उरलेला नफा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवला, किंवा मुदतीत दुसरं घर घेतलं, तर कर आणखी कमी होतो. त्यांना एखाद्या सीएकडे घेऊन जा. फी तुम्ही दिलीत तरी स्वस्त पडेल. एकटीनं राहणाऱ्या बाईला घरात वीस लाख ठेवायला लावणं यात तिचंही भलं नाही.

सेक्रेटरींच्या देणगीवर फार शाई खर्च करत नाही. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. शिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. देणगी, बिल्डिंग फंड, विकास निधी, कुठल्याही नावानं त्यावर मागता येत नाही, असं सरकारचं २००१ चं परिपत्रक आहे. भांडू नका. "मॅनेजिंग कमिटीच्या ठरावाची प्रत आणि पावती मिळेल ना?" एवढंच लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी तिथेच विषय संपतो. विक्रेत्याला सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) लागतेच असं उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, म्हणत नाही, पण बँक मागते आणि सेक्रेटरींना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून सूर गोड ठेवा. उद्या त्यांच्याच शेजारी राहायचंय.

पार्किंगचे तीन लाख? कोणाला? बिल्डरला स्टिल्टमधलं पार्किंग सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. सोसायटीच्या जागेतलं पार्किंग वाटण्याचा अधिकार सोसायटीचा. काकूंच्या मूळ करारात पार्किंगचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर एजंट तुम्हाला हवा विकतोय. शनिवारी रात्री नऊ वाजता जाऊन गाड्या कशा लावल्यात ते बघा. चौदा फ्लॅट, सहा जागा आणि बाकी रस्त्यावर असं चित्र असेल, तर ते पार्किंग तुमचं होणार नाही, तीन लाख दिलेत तरी.

सासऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. थ्री बीएचके, लिफ्ट, मुलाला खेळायला जागा, हे सगळं खरं आहे. पण वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आलं म्हणून तिथे लगेच कोथरूडसारखं नळाला पाणी आलं असं झालेलं नाही. अनेक सोसायट्यांत टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. रामवाडीपासून पुढे वाघोलीकडे मेट्रो नेण्याला केंद्रानं २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण मंजुरी आणि गाडी यांच्यात बरीच वर्षं जातात. तोवर नगर रस्ता आहेच. तुमच्या घराजवळ मेट्रो आज धावते आहे. आयडियल कॉलनीला बसायचं आणि डेक्कन, पुणे स्टेशन, कल्याणीनगर, सगळं गाडी न बदलता. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात तर वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८२ लाखांवर ४ लाख १० हजार. जुन्या, तयार घरावर जीएसटी नाही. सासऱ्यांना एका कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला वाघोलीहून डहाणूकरला घेऊन या. वाद घालायची गरज पडणार नाही.

पण एका बाबतीत सासरे नकळत बरोबर आहेत, आणि ती म्हणजे लिफ्ट. आई सहा महिने तुमच्याकडे असते असं लिहून तुम्ही पुढे गेलात. आज त्या दोन जिने चढतात का? भाजीची पिशवी घेऊन? पाच वर्षांनी? जुन्या जिन्यांच्या पायऱ्या उंच असतात, कठडा एकाच बाजूला. आईला एकदा तिथे घेऊन जा आणि काही न विचारता नुसतं बघा, त्या मधल्या लँडिंगवर किती वेळ थांबतात. बाहेरून लिफ्ट बसवायचा विचार काही सोसायट्या करतात. तुमच्याकडे त्यासाठी बाजूला जागा आहे का आणि तळमजल्यावाले पैसे देणार का, हे आधी कळलं तर बरं. तळमजल्यावाले सहसा देत नाहीत. माझ्या मते हे घर न घेण्याचं एकमेव खरं कारण हे असू शकतं.

इमारतीची तब्येत बघायला पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही. गच्चीवर जा, टाकीखालचा स्लॅब बघा. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये टॉर्च मारा. ड्रेनेजचे पाइप बिडाचे, गंजलेले आहेत की बदललेत, पिंपळ उगवलाय का, ते लगेच कळतं. बेडरूममधलं कपाट थोडं सरकवायची परवानगी मागा, ओल नेहमी त्याच्यामागे असते. पॅरापेटच्या किंवा छज्ज्याच्या खाली सळ्या दिसत असतील तर फोटो काढा. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींनुसार दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा, आणि सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, किती शिल्लक आहे तेही. मेंटेनन्स महिना सहाशे रुपये आहे म्हणून खूश होऊ नका. सदतीस-अडतीस वर्षांच्या इमारतीत सहाशे रुपये म्हणजे काहीच केलेलं नाही.

आता पैशाचं. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं धरली तर हप्ता साधारण ५२,००० येतो आणि एकूण परतफेड सव्वा कोटीच्या घरात जाते. तुमच्या मिळकतीत हप्ता बसतो, पण आरामात नाही. वरचे २२ लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३०,०००, दलाली, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी. तुमचे ३० लाख बघता बघता संपतील आणि वायरिंग, नळ, बाथरूम यांना हातात काही उरणार नाही. जुन्या घरात ही कामं हौसेची नसतात. त्यामुळे एक तर ६५ लाख कर्ज घ्या, ज्याचा हप्ता ५६,४०० च्या आसपास जाईल, नाहीतर किंमत खाली आणा. मी किंमत खाली आणेन. ७६ म्हणा. सगळे पैसे चेकनं, कर्ज आधीच मंजूर, आणि हक्कसोडपत्राच्या धावपळीत मदत, असा गिऱ्हाईक काकूंना रोज मिळणार नाही. नुसत्या आकड्यांनी बघितलं तर २४,००० भाडं भरणंच स्वस्त आहे, हेही सांगून ठेवते. वर्षाचं २ लाख ८८ हजार भाडं, तेही ८२ लाखांच्या घराचं. घर घ्यायचं ते दहा-पंधरा वर्षं तिथेच राहायचं म्हणून. पाच वर्षांत बंगळुरूला जायची शक्यता असेल, तर घेऊ नका.

नवरा म्हणतो दोघांच्या नावावर. यामागे भावना चांगली आहे, पण महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पुण्यात सातऐवजी सहा टक्के, तुमचे ८२,००० वाचतात. एकही पुरुष खरेदीदार जोडला की सवलत गेली. कर्जाला दोघंही सहकर्जदार राहू शकता. नवऱ्याला व्याजाची करसवलत घ्यायची असेल तर त्याचं नाव मालकीत लागतं, हा एक मुद्दा त्याच्या बाजूनं. पण तो नवीन करप्रणालीत असेल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही. त्याची सॅलरी स्लिप बघा आणि ठरवा. घर तुमच्या नावावर, सोसायटीत तो सहयोगी सभासद, आणि दोघांचीही मृत्युपत्रं, असं मी करेन. मृत्युपत्राचं हसण्यावारी नेऊ नका. काकूंच्या घरात आज जो गुंता दिसतोय तो बहुधा दोन पानी मृत्युपत्र नसल्यामुळेच आहे.

लगेच करायचं ते एवढंच. टोकन देऊ नका. एजंट म्हणेल, "दुसरी पार्टी तयार आहे." असू दे. द्यायचंच तर एक लाखाच्या आत, चेकनं, आणि विसार पावतीवर (आगाऊ रकमेच्या पावतीवर) लिहून घ्या, की ठरावीक तारखेपर्यंत हक्कसोडपत्र झालं नाही, मालकी निर्वेध निघाली नाही किंवा बँकेनं या इमारतीवर कर्ज नाकारलं, तर पूर्ण रक्कम परत. पावतीवर काकूंबरोबर मुलगी आली तर तिचीही सही घ्या. दलाली एक टक्का की दोन, हेही आज ठरवा. कराराच्या दिवशी ठरवायला गेलात तर दोनच होते. मूळ कागद एकदा बँकेत गेले की कर्ज फिटेपर्यंत दिसत नाहीत, म्हणून त्याआधी प्रत्येक पानाचं स्कॅन करून ठेवा. ताबा मिळाला की महावितरणचं मीटर नावावर करून घ्या आणि मिळकतकराला नाव लागलं की पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते, पण ती आपोआप तुमच्या बिलात येईल या भरवशावर राहू नका. अर्जाबरोबर सोसायटीचं तुम्ही तिथे राहत असल्याचं पत्र लागतं. सेक्रेटरींशी सूर गोड ठेवा म्हटलं ते यासाठीही.